डेबियन १२: स्पीकरऐवजी 'डमी आउटपुट', तंबोरा रेकॉर्ड करताना टकटक

मिरजकर: लॅपटॉप इंटेलचा, ११ व्या पिढीचा. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) ११ वरून १२ वर अपग्रेड केलंय, डेस्कटॉप गनोम. यूएसबी इंटरफेस (माइक जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड) काढलेला असला की सेटिंग्जमध्ये फक्त 'डमी आउटपुट', म्हणजे नावापुरतं कार्ड, दिसतं. इंटरफेस जोडला की तो चालतो, पण हेडफोनवर तंबोरा जरा उशिरा ऐकू येतो. बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) ६४ फ्रेमचा केला की टकटक सुरू. पल्सऑडिओ हा साउंड सर्व्हर टाकू का?

कृष्णाकाठ, सांगली: नको. १२ च्या गनोममध्ये अ‍ॅपचा आवाज कार्डापर्यंत पोचवायचं ते काम पाइपवायर हा सर्व्हर करतं, आणि दोन सर्व्हर एकाच कार्डावर हक्क सांगायला लागले की गोंधळ वाढतो. तळाला कर्नलमधला अल्सा ड्रायव्हर, त्यावर पाइपवायर, सगळ्यात वर अ‍ॅप. दोष तळापासून शोधत यायचं. आधी टर्मिनलमध्ये 'एप्ले -एल' (aplay -l) चालवा, कार्डांची यादी दिसेल. तिथेच कार्ड नसेल तर पाइपवायरला हात लावू नका. या पिढीत आवाज बहुधा डीएसपीमधून (आवाजाच्या वेगळ्या प्रोसेसरमधून) जातो आणि त्याला साउंड ओपन फर्मवेअरची (एसओएफ), म्हणजे त्या चिपमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल लागते. १२ पासून फर्मवेअर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात गेलंय. अपग्रेड करताना त्या विभागाचं नाव सोर्सेस यादीत (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) घालायचं हमखास राहतं. ते घाला, 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड' (firmware-sof-signed) पॅकेज टाका, मशीन रीस्टार्ट करा.

मिरजकर: टाकलं. आता यादीत 'एसओएफ-एचडीए-डीएसपी' हे कार्ड दिसतं, पण स्पीकर गप्पच.

अजिंक्यतारा, सातारा: टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' (alsamixer) उघडा. सुरुवातीला एकच पट्टी दिसेल, ती पाइपवायरची. एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. स्पीकरच्या पट्टीखाली 'एमएम' असेल तर म्यूट आहे. एम दाबलं की शून्यं येतात. 'ऑटो-म्यूट'ही बंद करून बघा, जॅकमध्ये हेडफोन नसताना आहे असं वाटलं तरी कार्ड स्पीकर बंद ठेवतं.

कृष्णाकाठ, सांगली: आता टकटक. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० फ्रेम (आवाजाचे नमुने) असताना, १०२४ फ्रेमचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, आणि ६४ म्हणजे जेमतेम १.३. तेवढ्यात प्रोसेसरचं काम उरकलं नाही की टक होतं. 'पीडब्ल्यू-टॉप'मध्ये (pw-top) 'ईआरआर'चा, म्हणजे अशा चुकांचा, आकडा वाढताना दिसेल. बफर २५६ वर पक्का करायला 'पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २५६' (pw-metadata -n settings 0 clock.force-quantum 256) द्या. काम झालं की २५६ च्या जागी ० देऊन पूर्ववत करा. इंटरफेस यूएसबी हबवर असेल तर थेट लॅपटॉपला जोडा.

पण तंबोऱ्यासाठी एवढा आटापिटा कशाला? इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असेल तर तो चालू करा आणि अ‍ॅपमधलं मॉनिटरिंग (रेकॉर्ड होणारा आवाज ऐकवणं) बंद करा, नाहीतर आवाज दोनदा येईल. मग तंबोरा कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट कानात येतो आणि बफर १०२४ वर निवांत ठेवता येतो.