बांधलेल्या ट्रेलवर उडतो, साध्या दगडी वाटेवर उतरून चालतो, असं का होतंय?

चिखलचाक:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, आधी कुणी विचारलं असेल तर लिंक द्या आणि मग शिव्या घाला. माझ्याकडे हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, पुढे १२० मिमी दबणारा फोर्क, २९ इंची चाकं. आत्तापर्यंत जवळपास सगळं चालवलंय ते ट्रेल सेंटर नाहीतर बाइक पार्कमध्येच, म्हणजे मुद्दाम माउंटन बाइकसाठी बांधलेल्या, रंगाच्या खुणा लावलेल्या ट्रेल्सवर. तिथे माझं बरं चालतं. ब्लूचं काही वाटत नाही, त्याहून अवघड रेड एकदा हळू उतरून बघितला की पुढच्या वेळी न थांबता होतो, टेबलटॉपवर (सपाट माथ्याच्या जंपवर) दोन्ही चाकं हवेत, बर्ममध्ये (वळणाला बाहेरून उंच केलेल्या मातीच्या कडेवर) ब्रेकला हात लावत नाही.

पण हल्ली दुसरा एक ग्रुप भेटलाय जो नकाशा बघून डोंगरातल्या पायवाटा, गाडीवाटा, ओढे असलं कायकाय चालवतो आणि त्यांच्यासोबत गेलो की माझी पार वाट लागते. एक वळण तर असं आहे की उतारावर डावीकडे वळायचं, वाट बाहेरच्या बाजूला कललेली, मधोमध दोन मुळं तिरकी आडवी आलेली आणि मुळांच्या खाली लगेच सुटी खडी. त्यात फूटभर उंचीचंसुद्धा काही नाहीये हो! बाकीचे गप्पा मारत जातात, मी पाय टेकतो. वर ऐकवतात की बांधलेल्या ट्रेलवर काय, तिथे कुणीही चालवेल, ते काही खरं माउंटन बायकिंग नाही.

तर प्रश्न दोन. हे बाइकमुळे होतंय की माझ्यात काही कमी आहे? आणि खरंच बांधलेल्या ट्रेल्स म्हणजे लुटूपुटूचा खेळ आहे का?

उतारकर:
बाइकचा काही दोष नाही, १२० मिमीच्या हार्डटेलवर तुम्ही वर्णन केलेलं सगळं आरामात होतं, त्यामुळे फुल सस्पेन्शन घेऊ का असा पुढचा धागा काढू नका :)

गोष्ट अशी आहे की बांधलेल्या ट्रेलवर अर्धा विचार बांधणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो. वळण किती वेगात घ्यायचं ते बर्मच्या उंचीवरून कळतं, जंपचा लिप (उडायची कड) कसा आहे ते लांबून दिसतं, रोलर्समधलं (ओळीने केलेल्या गोल उंचवट्यांमधलं) अंतर ठरवलेलं असतं, तीव्र वळणाच्या आधी मुद्दाम छोटा चढ दिलेला असतो म्हणजे वेग आपोआप पडतो आणि लोक तिथे करकचून ब्रेक मारत नाहीत. नाटकात विंगेतून प्रॉम्प्टर पुढचं वाक्य सांगत असतो ना, तसं चालू असतं सगळं, आणि आपल्याला वाटतं संवाद आपल्याला पाठ आहेत. डोंगरातल्या वाटेवर विंग रिकामी.

आता ते तुमचं वळण. बर्ममध्ये जमीनच तुम्हाला आतल्या बाजूला ढकलते, त्यामुळे तुम्ही आणि बाइक एकत्र कलता, पेडल्स साधारण आडवी ठेवली तरी चालतात. बाहेर कललेल्या वळणावर असा काही आधार नसतो, सगळी पकड टायरच्या कडेच्या नॉब्सवर (रबरी उंचवट्यांवर). म्हणून तिथे बाहेरचं पेडल खाली, त्यावर सगळं वजन, बाइक आत कलवायची पण स्वतः तिच्यापेक्षा सरळ राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक मुळांच्या आधी. मुळांवर, आणि ती ओली असतील तर विचारूच नका, ब्रेक दाबलेला असला की चाक मुळाच्या लांबीला धरून घसरत जातं. जमेल तेवढं काटकोनात मूळ ओलांडायचं, तिरकंच आलं असेल तर पुढचं चाक जरा हलकं करून पलीकडे ठेवायचं, मग खडीवर हात सैल सोडायचे. खडीत हँडल घट्ट धरलं की संपलंच. आणि तिथे थांबून, बाइक आडवी टाकून, चालत वर जाऊन वाट बघा. चार वेगवेगळ्या लाइन्स, म्हणजे चाक न्यायचे मार्ग, दिसतील. ग्रुपवाले थांबत नसतील तर एकटे नको, कुणालातरी घेऊन परत जा.

गिअरगोंधळ:
+१ उतारकर. माझा दोन पैशांचा प्रतिसाद म्हणजे टायरमधली हवा. ट्रेल सेंटरच्या गुळगुळीत ट्रॅकवर लोक हवा टच्च भरतात कारण पळते छान, मग तीच हवा घेऊन दगडात गेले की बाइक चेंडूसारखी टपटपत बसते. ट्यूबलेस आहे का?

चिखलचाक:
हो ट्यूबलेस, २.३५ इंची, दोन्हीकडे ३२ पीएसआय. वजन सत्तरच्या आसपास.

गिअरगोंधळ:
मग सापडला की चोर. सत्तर किलोला ३२ फार होतात राव. पुढे २२-२३, मागे २५ च्या आसपास करून बघा, रिमवर दगड आपटल्याचा आवाज आला तर एकदोन पीएसआय वाढवा. याने निम्मं काम होईल, उरलेलं उतारकरांनी सांगितलेलं.

रानवाट:
तुमच्या ग्रुपच्या लोकांशी मी बरीचशी सहमत आहे, फक्त 'कुणीही चालवेल' हे सोडून, कारण डोंगरात जन्म काढलेले लोक बाइक पार्कच्या मोठ्या जंपसमोर ब्रेक दाबून उभे राहिलेले मी पाहिलेत.

पण मला विचाराल तर बांधलेल्या ट्रेलवर एक ठराविक कंटाळा येतो. गोल फिरून पुन्हा पार्किंगला. मागून कुणीतरी 'राइडर बॅक' ओरडणार, अॅपवर सेकंद मोजणार. बाहेर फिरताना फाटक उघडून परत लावायचं, गुरं वाट अडवून बसलेली असतात त्यांना वळसा घालायचा, वाट चुकली की नकाशा काढून भांडायचं, चढावर बाइक खांद्यावर घ्यायची, हे सगळं मला राइडचाच भाग वाटतं. ज्यांना उतार सोडून बाकी सगळा वेळ वाया गेला असं वाटतं त्यांनी खुशाल लिफ्टने वर जावं. आणि एक व्यावहारिक गोष्ट, बाहेर पडलात तर मदत लवकर येणार नाही हे धरूनच चालवायचं असतं, त्यामुळे तिथे सगळेच थोडं हातचं राखून चालवतात. पंक्चरचं सामान, चेन लिंक, जास्तीचा डिरेल्युर हँगर (मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा), पाणी, बॅटरी हे बरोबर हवंच. तुम्ही वळणावर पाय टेकलात यात मला तरी काही चूक दिसत नाही.

जुनीसायकल:
हे खरं-खोटंचं भांडण वाचून गंमत वाटली. इतिहास बघा ना जरा. १९७६ साली कॅलिफोर्नियात मरीन काउंटीमध्ये रीपॅकच्या शर्यती सुरू झाल्या, माउंटन बायकिंगचं मूळ म्हणून सगळे तिकडे बोट दाखवतात, पण तो उतार होता जंगलात वणवा विझवायला गाड्या जाव्यात म्हणून केलेला मातीचा रस्ता. साधारण दोन मैलांत १३०० फूट खाली, मागच्या हबमधल्या (चाकाच्या मध्यातल्या) ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं आणि दर खेपेला हब खोलून नवीन ग्रीस भरावं लागायचं, नाव त्यावरूनच पडलं. युटामध्ये मोॲबजवळची स्लिकरॉक ट्रेल, जिच्यासाठी जगभरातून लोक जातात, ती १९६९ मध्ये आखली मोटरसायकलवाल्यांसाठी. युरोपातल्या डोंगरवाटा तर खेचरांनी, गुराख्यांनी, खाणकामगारांनी पाडलेल्या. म्हणजे कुठलीच वाट आभाळातून पडलेली नाही, कुणीतरी कशासाठीतरी केलेलीच आहे. फक्त एक बाइकसाठी केली आणि एक दुसऱ्याच कशासाठी, आणि दुसऱ्या कामासाठी केलेल्या वाटेवर बाइक घालताना जी कसरत होते तीच ह्या ग्रुपवाल्यांना आवडते. आवडू दे की, पण त्यात मोठेपणा कसला?

बांधलेल्या ट्रेल्स आल्या कशामुळे तेही बघा. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने सायकलला घोडेवाटांवर परवानगी मिळाली, तीही चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट देण्याच्या अटीवर, पण पायवाटांवर तसा हक्क नाही, आणि जाळं बरंचसं पायवाटांचंच. मग नव्वदच्या दशकात वेल्समध्ये कोएद-इ-ब्रेनिनच्या सरकारी जंगलात खास बाइकसाठी खडी दाबून बारमाही सिंगलट्रॅक (एका बाइकपुरत्या अरुंद वाटा) केले, लोकांची झुंबड उडाली, आणि मग स्कॉटलंडच्या दक्षिणेला सेव्हन स्टेन्स नावाने सात सेंटर उभी राहिली. गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागलं तर जवळजवळ कुठेही सायकल नेता येते, तरी तिथली ट्रेल सेंटर्स भरलेलीच असतात. म्हणजे लोक तिथे नुसते नाइलाजाने जात नाहीत.

रानवाट:
जुनीसायकल, मोठेपणाचं मी बोललेच नाही, कंटाळ्याचं बोलले. बाकी माहितीबद्दल धन्यवाद, ग्रीसचं ठाऊक नव्हतं.

पाणीवाट:
इथे अजून कुणी पाण्याबद्दल बोललं नाही याचं आश्चर्य वाटतंय. मी ट्रेल बांधणाऱ्या गटात फावड्याने काम करते म्हणून सांगते, दोन्हीतला मोठा फरक पावसानंतर दिसतो. जुन्या पायवाटा बऱ्याचदा सरळ उताराच्या रेषेत खाली उतरतात, कारण चालणाऱ्याला जवळची वाट हवी असते. पाणीही तोच रस्ता धरतं, चर पडतो, चरात दगड उघडे पडतात, मग लोक बाजूने जायला लागतात आणि एका वाटेच्या तीन होतात. बांधताना साधा हिशोब असतो, डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त चढ-उतार वाटेला द्यायचा नाही. म्हणजे बाजूचा उतार २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत. त्यावर गेलात की पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेनेच धावतं. शिवाय वाट बाहेरच्या बाजूला साधारण ५ टक्के कलती ठेवायची आणि मधूनमधून छोटा उलटा चढ द्यायचा म्हणजे पाणी तिथे बाहेर पडतं. तुम्हाला जे रोलर वाटतात आणि ज्यावर तुम्ही पंप करत (अंग दाबून-सोडून वेग घेत) मजा घेता त्यातले कितीतरी मुळात पाणी काढायला केलेले असतात.

म्हणून ग्रुपसोबत जाल तेव्हा एवढं पाळा. चिखल टायरला चिकटून येत असेल तर त्या दिवशी मातीच्या वाटेवर जाऊ नका, खडीवाली बांधलेली ट्रेल त्यासाठीच आहे. डबकं आलं तर मधून जा, बाजूच्या गवतातून नाही. मागचं चाक लॉक करून घसरत जाणं व्हिडिओत छान दिसतं, पण तो चर नंतर आम्ही बुजवतो. आणि बांधलेल्या ट्रेलला काही होत नाही असं समजू नका, बर्मच्या आधी ब्रेकिंग बम्प्स (ब्रेक मारून पडलेले खळगे-उंचवटे) पडतात ते तुमच्यासारख्याच मंडळींनी पाडलेले असतात.

उतारकर:
पाणीवाट ताई, दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

चिखलचाक:
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त मिळालं. हवा कमी केली, आणि काल त्या वळणावर एका मित्राला घेऊन गेलो होतो. मुळांच्या वरच्या बाजूने एक लाइन निघते जी खालून दिसतच नाही, जरा उंचावरून वळायचं आणि मग खडी सरळ रेषेत लागते. झालं एकदाचं, दर वेळी नाही पण होतंय. बाहेरचं पेडल खाली ठेवायचं मात्र अजून विसरतोच. आता एक शंका, ट्रेल सेंटरला रंग बघून ठरवता येतं, बाहेरची वाट मला झेपेल का हे जायच्या आधी कसं ठरवायचं?

जुनीसायकल:
पूर्ण कधीच ठरवता येत नाही, पण रंगांमागचा हिशोब माहीत असला तर अंदाज येतो. इम्बा या माउंटन बाइक संघटनेच्या पद्धतीत चुकवता येणार नाही असा अडथळा ग्रीनला २ इंचांपर्यंत, ब्लूला ८ पर्यंत, ब्लॅक डायमंडला १५ पर्यंत धरतात, आणि सरासरी उतार अनुक्रमे ५, १० आणि १५ टक्क्यांच्या आत. म्हणजे नकाशावर काँटूर (समान उंचीच्या रेषा) मोजून उतार काढलात तर एक बाजू कळली, दुसरी बाजू म्हणजे अडथळे ते कुणी जाऊन आलेल्याला विचारायचे. जर्मन भाषिक देशांत नैसर्गिक वाटांसाठी एस-० ते एस-५ अशी वेगळी श्रेणी वापरतात. तिथे एस-१ ला छोटी मुळं-दगड, एस-२ ला मोठे दगड आणि पायऱ्या सुरू होतात, तुम्ही सध्या एस-१ नीट करा. आणि पाऊस पडून गेला असेल तर मनातल्या मनात एक पायरी वर धरा.

गिअरगोंधळ:
आणि सीट खाली घ्यायला विसरू नका, ड्रॉपर पोस्ट (बटण दाबून खाली जाणारी सीटची दांडी) नसेल तर उतारापूर्वी थांबून हाताने. फ्लॅट पेडल की क्लिपलेस (बूट अडकवायचं पेडल) हे मात्र इथे कुणी विचारू नका, त्यासाठी वेगळा धागा काढा, तो दोनशे प्रतिसादांचा होतो.