मिलची जमीन आणि कान्हचा काठ: बाग करावी की आधी माती तपासावी?

रामबागकर
दोन महिने मुलीकडे सिएटलला होतो. तिथे लेक युनियनच्या काठी गॅस वर्क्स पार्क आहे. १९०६ ते १९५६ या काळात तिथे शहरासाठी गॅस बनायचा, आधी दगडी कोळशापासून आणि पुढे तेलापासून. नैसर्गिक वायूची पाइपलाइन आली, कारखाना बंद पडला आणि डांबर मुरलेली काळी जमीन मागे उरली. १९७५ पासून तिथे सुमारे २० एकरांची सार्वजनिक बाग आहे. रिचर्ड हाग या रचनाकाराने गंजलेले मनोरे पाडू दिले नाहीत. कॉम्प्रेसरच्या शेडमधली यंत्रं रंगवून मुलांना खेळायला दिली. तिथल्या राडारोड्याची टेकडी झाली, तिच्यावर लोक पतंग उडवतात.

तिथे उभं राहून मला आपल्या इंदूरचं कापड मिलांचं क्षेत्र आठवत होतं. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली. साडेबेचाळीस एकरांच्या त्या जागेत तीस वर्षांत आपोआप रान उगवलं. मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा किती मिलांचं पाणी नाल्यांतून खान नदीत गेलं असेल! (आता कान्ह म्हणतात, माझ्या तोंडात खानच बसलंय.) माझं मत असं: मिलांच्या जमिनीतली जी मोकळी उरली आहे ती, आणि तिथून नदीकडे उतरणाऱ्या नाल्यांचे काठ, टॉवरांना न देता बागेला द्यावेत. नदीकाठ स्वच्छ करून लोकांसाठी मोकळा ठेवा, हे पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने होळकर दरबाराला १९१८ च्या अहवालात सांगून ठेवलं आहे. शंभर वर्षं उलटून गेली.

निवृत्त केमिस्ट
रामबागकर, तुमची तळमळ पटते, पण हे असं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी कापड प्रोसेसिंगच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं.

सिएटलची उरलेली गोष्टही सांगायला हवी. बाग उघडल्यावर नऊ वर्षांनी, १९८४ मध्ये, मातीच्या तपासणीसाठी ती काही काळ बंद ठेवावी लागली. जमिनीखालच्या बेंझिनवर पुढे वेगळे उपचार करावे लागले. बागेच्या काठावरून तळ्यात उतरायला आजही मनाई आहे, कारण तळाच्या गाळात ते सगळं आहेच. म्हणजे बाग आधी झाली आणि सफाई पन्नास वर्षं मागून येते आहे.

दुसरं, हागने मातीत कंपोस्ट, लाकडाचा भुसा, सांडपाण्याचा गाळ मिसळून तेल खाणाऱ्या जीवाणूंना पोसलं. तेलकट घाणीवर हा उपाय चालतो. आपल्याकडे प्रश्न डाइंग खात्याचा, म्हणजे कापड रंगवण्याचा आहे. काही रंगांत आणि ते पक्के करण्याच्या रसायनांत क्रोमियम असायचं. धातू कुठलाही जीवाणू पचवून नाहीसा करत नाही. तो मातीत राहतो, पावसात उतरतो, बोअरिंगच्या पाण्यात येतो. वरून दोन फूट काळी माती आणि हिरवळ टाकून त्यावर नातवंडं खेळवायला मी तयार नाही.

तुकोगंज
केमिस्टसाहेब, असं घाबरवलं तर काहीच होणार नाही. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर कचऱ्याचे डोंगर होते. लाखो टन जुना कचरा उपसून, चाळून वेगळा केला आणि ती जागा हिरवी झाली. हे याच शहराने केलं. मिलच्या जमिनीवर का जमू नये?

निवृत्त केमिस्ट
कचरा डोळ्यांना दिसतो, चाळणीवर टाकता येतो. क्रोमियम दिसत नाही. त्यासाठी ठिकठिकाणी भोकं पाडून, वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने काढून प्रयोगशाळेत द्यावे लागतात. ते करा आणि मग बागेचं बोला, इतकंच माझं म्हणणं आहे.

उज्जैनहून
तुम्ही काठाबद्दल बोलता आहात, मी पाण्याबद्दल बोलते. कान्ह आमच्याकडे त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते. इंदूरला २०२१ मध्ये सांडपाणी शुद्ध करण्याबद्दलचा वॉटर प्लसचा मान मिळाला, तेव्हा आम्हालाही आनंद झाला होता. पण आज २०२८ च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी बंद नळीतून घाटांच्या पलीकडे वळवायचं काम चालू आहे. पाणी खरंच शुद्ध असतं तर ही नळी लागली नसती. तुमच्या बागेवर जो पैसा जाईल तो आधी नाल्याच्या तोंडाशी जावा. कारखान्यांचं पाणी आजही मधे कुठे मिसळतं, ते शोधायला जावा. काठावर बाक टाकल्याने आमच्या घाटावर फरक पडत नाही.

रामबागकर
ताई, फरक पडतो असं मला मनापासून वाटतं. आज नाला सगळ्यांच्या पाठीमागे आहे, म्हणून त्यात कोण काय सोडतं ते कुणी पाहत नाही. रोज दोनशे माणसं त्या काठावर फिरायला लागली की रंगीत पाणी आलेलं त्याच दिवशी कळेल.

परदेशीपुरा
माझे बाबा मिलमध्ये होते, म्हणून लिहिते. हुकुमचंदच्या ५,८९५ कामगारांचे सुमारे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये सुटले. बत्तीस वर्षांनी. तोवर कितीतरी जण गेले होते. आता त्याच जमिनींवर सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी बाग होणार, तिकीट लागणार, आणि नाल्याकाठच्या वस्त्यांना "सौंदर्यीकरण" म्हणून उठवणार, ही माझी भीती आहे. टॉवर मलाही नकोत. ती झाडं तोडू नयेतच. पण बाग करायची तर चिमणी राहू द्या, भोंगा राहू द्या. अनंत चतुर्दशीच्या मिलांच्या झांक्या (देखाव्यांच्या मिरवणुका) जिथून निघायच्या त्या जागा कळल्या पाहिजेत. सगळं सपाट करून कारंजं लावलं तर आमच्या माणसांनी तिथे आयुष्य घालवलं हे कुणाला कळणार?

रामबागकर
हे मी पूर्ण मान्य करतो. सिएटलच्या बागेला एका दिवंगत नगरसेविकेचं नाव द्यायचं ठरलं होतं. जुनी यंत्रं ठेवणार म्हटल्यावर तिच्या घरच्यांनी नाव परत घेतलं, इतका तो गंज तेव्हा लोकांना खुपत होता. आज तेच मनोरे बघायला लोक येतात. माती तपासायचा मुद्दाही मला पटला आहे. नमुन्यांशिवाय बाग, असं आता मी म्हणणार नाही. पण तपासणी होईपर्यंत जमीन विकली जाऊ नये, हे आपण सगळ्यांनी मिळून मागायला हवं.

निवृत्त केमिस्ट
त्या मागणीवर मी सही करीन. पण नमुने कुठून काढायचे? डाइंग खातं कुठे होतं, रंगाची पिंपं कुठे रिकामी व्हायची, बॉयलरची राख कुठल्या बाजूला टाकायचे, हे माहीत नसेल तर साडेबेचाळीस एकरांत आंधळेपणाने खणत बसावं लागेल. शेड पडल्या, कागद गेले.

परदेशीपुरा
कागद गेले असतील. बाबांच्या मिलमध्ये नाल्याच्या भिंतीला एक मोरी होती, तिच्यातून कधी निळं, कधी लाल पाणी पडायचं. ती जागा ते आजही बोट दाखवून सांगतात. त्यांच्या पाळीचे अजून सहा-सात जण आमच्या गल्लीत आहेत, त्यांत दोघं डाइंगचे आणि एक बॉयलरवरचे. काका, रविवारी सकाळी वही घेऊन या. मी सगळ्यांना बोलावून ठेवते.