काँटेसाचा एसी: आर-१२ धरून बसायचं की १३४ए वर जायचं?

इसुझूवाला, नागपूर
घरी बाबांची १९९४ची काँटेसा गाडी आहे, १.८ इसुझू इंजिन. एसी मूळचाच, आर-१२ गॅसचा. मार्चपासून नुसतं वारं येतंय. कॉम्प्रेसरच्या क्लचमागे बोट फिरवलं तर तेलात भिजलेली काळी माती हाताला लागली, म्हणजे शाफ्ट सीलमधून (कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याभोवतीचं सील) गॅस गेला. माझं मत सांगून टाकतो: आर-१२चा नाद सोडावा. भारतात गाड्या-फ्रिजसाठी तो बनणं २००८ सालीच थांबलं. आज त्या नावाने मिळणाऱ्या डब्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याच्या जागी आलेला १३४ए गॅस कोपऱ्यावर मिळतो. कोणाचा विरोध असेल तर कारणासकट लिहा.

जुनंतेसोनं, पुणे
माझा आहे. माझ्या प्रीमियर ११८ एनई गाडीत मेकॅनिकने तासाभरात १३४ए भरून दिला. जानेवारीत गारेगार. एप्रिलमध्ये सिग्नलला उभं राहिलं की गरम हवा, गाडी पळाली की परत थंड. दुसऱ्या वर्षी कॉम्प्रेसर जाम. एक्सपान्शन वॉल्व्हची जाळी काढली तर चंदेरी चुऱ्याने गच्च भरलेली. तुमचं फक्त सील गेलंय. सील बदला, नायट्रोजनने लीक बघा आणि ओळखीतून खात्रीचा जुना आर-१२ मिळवा. चालत्या सिस्टीमची चिरफाड कशाला?

इसुझूवाला
त्या तासाभरात तेल बदललं होतं का?

जुनंतेसोनं
नाही. पण तेव्हा हे कोणी सांगितलंच नव्हतं!

गेजवाला, नाशिक
मग १३४एला कशाला शिव्या? आर-१२बरोबर मिनरल ऑइल असतं. ते आर-१२मध्ये विरघळून सगळीकडे फिरतं आणि कॉम्प्रेसरला परत येतं. १३४एमध्ये ते विरघळत नाही. कूलिंग कॉइलच्या तळाशी साचून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा घासतो. तुमचा चंदेरी चुरा तोच.
नीट करायचं तर कॉम्प्रेसर उतरवून जुनं तेल ओतून टाका, लाइन फ्लश करा, एस्टर ऑइल भरा. थोडं मिनरल मागे राहिलं तरी एस्टर चालवून घेतं. ड्रायर बॉटल (गॅसमधली ओल शोषणारी) नवी आणि १३४एचीच हवी. ओ-रिंगा सगळ्या बदला, हिरव्या मिळतात त्या. पाऊण तास व्हॅक्यूम. गॅस मूळ वजनाच्या ८०-८५ टक्केच, तोही काट्यावर मोजून. ‘पाइपला घाम आला की बास’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

जुनंतेसोनं
एवढं करूनही नागपूरच्या ४५ डिग्रीत? तेवढ्या उन्हात १३४एचं प्रेशर आर-१२पेक्षा जास्त चढतं आणि काँटेसाचा कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी ग्रिलमागची जाळी, जुन्या पद्धतीचा, नळी-पत्र्यांचा. यावर बोला.

गेजवाला
हा मुद्दा खरा आहे. पॅरलल फ्लो कंडेन्सर (एकाच वेळी अनेक बारीक नळ्यांतून गॅस नेणारा) आणि समोर इलेक्ट्रिक पंखा बसवल्याशिवाय विदर्भात कन्व्हर्जन करू नये. खर्चाचा मोठा भाग तोच.

स्वस्तातमस्त
एवढं कशाला? प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिक्स भरा. जुनं तेल चालतं, कुलिंग तर आर-१२च्याही वर.

गेजवाला
चालतं. फक्त कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते आणि लीक झाली की तो ज्वलनशील गॅस केबिनमध्ये जमतो. काचा बंद, पुढे कोणीतरी सिगारेट पेटवतो. माझ्या गॅरेजात हे भरून मिळणार नाही.

जुनंतेसोनं
आणि पर्यावरणाचं पुण्य कोणी सांगायला येऊ नका. १३४ए ओझोनला धक्का लावत नाही, मान्य. पण तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून भारी आहे. असे गॅस कमी करायच्या २०१६च्या किगाली करारात त्याचंही नाव आलं. युरोपात नव्या गाड्यांतून तो २०१७पासून बाद आहे. आज बदलाल, उद्या परत बदलाल.

इसुझूवाला
आर-१२ त्याच्याही सातपट भारी, वर ओझोन खातो तो वेगळाच. आणि घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर डब्यात बंद असतो, गाडीचा शाफ्ट बाहेर येतो. सील कितीही नवं लावा, थोडा थोडा गॅस जातच राहणार. म्हणजे तुमचा तो ओळखीतला डबा दर तीन-चार वर्षांनी शोधायचा. कुठे?

जुनंतेसोनं
माझ्याकडे दोन आहेत.

इसुझूवाला
मला एक द्याल?

जुनंतेसोनं
नाही.

इसुझूवाला
बरं. गेजवाले, ग्रिलमागची जागा उद्या मोजून टाकतो. कुठला कंडेन्सर बसेल ते सांगा.