विषय: पुस्तिकेत ‘ईएमटी उपस्थित’ (ईएमटी म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) ही ओळ छापावी का?

प्रेषक: स्वयंसेवक समिती प्रमुख

सर्व सभासदांना सादर नमस्कार.
पुस्तिका छपाईला जाण्यापूर्वी या ओळीचा निर्णय व्हायला हवा. प्रथमोपचाराच्या टेबलावर बसणाऱ्या आपल्या युवा सभासदाने नॅशनल रजिस्ट्री या राष्ट्रीय संस्थेची ईएमटी परीक्षा उत्तीर्ण केली असली, तरी काउंटीच्या आपत्कालीन वैद्यकीय सेवा विभागाकडून त्याचे प्रमाणपत्र अद्याप आलेले नाही, कारण लाइव्ह स्कॅनने (संगणकीय पद्धतीने) घेतलेल्या बोटांच्या ठशांचा अहवाल यायचा आहे. कॅलिफोर्नियात त्या प्रमाणपत्राशिवाय ईएमटी म्हणून काम करता येत नाही. ती ओळ वगळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रेषक: पुस्तिका समिती

दादा, पुस्तिकेतील मजकूर आमची समिती ठरवते, हे आधी नमूद करते. मुलगा माझा असल्यामुळे त्याची मेहनत मी जवळून पाहिली आहे. ती परीक्षा संगणकावर असते, आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरतो आणि 70 ते 120 प्रश्नांसाठी दोनच तास मिळतात. मागच्या गणपतीत आरतीच्या वेळी आजींना भोवळ आली, तेव्हा सगळे त्यालाच हाका मारत होते. मग आता आक्षेप कशासाठी?

प्रेषक: आजीव सभासद (पूर्वी 108 सेवेत)

ताई, मुलाच्या तयारीबद्दल कोणालाच शंका नाही. मी महाराष्ट्रात 108 च्या रुग्णवाहिकेवर बीएएमएस डॉक्टर म्हणून काम केले आहे. 2014 साली सुरू झालेल्या त्या सेवेत डॉक्टर गाडीतच असतो. इथे ईएमटीला वैद्यकीय संचालकांनी घालून दिलेल्या कार्यपद्धतीनुसारच उपचार करावे लागतात. माझ्या पदवीमुळे मला अभ्यासक्रमात सूट मिळाली नाही. किमान 170 तासांचे प्रशिक्षण आणि त्यात किमान दहा रुग्णांची प्रत्यक्ष तपासणी व शुश्रूषा, हे सारे पूर्ण केल्यावरच परीक्षेला बसता आले, आणि उत्तीर्ण झाल्यावरही काउंटीचे कार्ड हाती येईपर्यंत मला कामावर रुजू करून घेतले नाही. कार्ड येण्याआधीच त्याचे नाव ईएमटी म्हणून छापले गेले, तर पुढे त्यालाच उत्तरे द्यावी लागतील.

प्रेषक: कोषाध्यक्ष

डॉक्टरांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. सभागृहाचा करार आणि विमा या बाबी माझ्याकडे असल्यामुळे, वैद्यकीय सेवेचा कोणताही उल्लेख छापण्यापूर्वी मला दाखवावा. हे मी दिवाळीच्या वेळीही लिहिले होते.

प्रेषक: पुस्तिका समिती

डॉक्टरांचे म्हणणे पटले. ‘प्रथमोपचार टेबल, प्रवेशद्वाराच्या डावीकडे, तातडीच्या प्रसंगी प्रथम 911 ला फोन करावा’ एवढेच छापते. मुलाकडे सीपीआरचे (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचे) वैध कार्ड आहे, त्यामुळे तो टेबलावर बसेलच. सभागृहातील एईडी यंत्र (हृदयाला विजेचा झटका देणारे) कोणत्या भिंतीवर आहे, हे स्वयंसेवक समितीने आज रात्रीपर्यंत कळवावे, म्हणजे ती जागाही नकाशात दाखवता येईल.