घंटांची वर्णनं गाळू नका

डोरोथी सेयर्सच्या 'द नाइन टेलर्स' या रहस्यकादंबरीतलं चर्चच्या घंटांचं वादन डोक्यावरून गेलं म्हणून पुस्तकच सोडलं म्हणताय, पण प्लीज परत उचला. मीही अडकले होते, मग वहीत आठ घंटांचे नंबर १२३४५६७८ असे लिहिले, खाली २१४३६५८७, म्हणजे दर फेरीला घंटा फार तर एकच जागा सरकते आणि आधीचा क्रम परत येता कामा नये, गाण्यासारखी चाल अशी नाहीच, तिथे ट्यूब पेटली! थर्टी फर्स्टच्या रात्री एकजण फ्लूने आडवा म्हणून कादंबरीतला डिटेक्टिव्ह विम्झी त्याच्या जागी नऊ तास दोर ओढतो, क्रमाचे १५,८४० बदल, ते वाचताना खांदे दुखतात अक्षरशः. आणि टेलर्स म्हणजे शिंपी नव्हेत हो, पुरुष वारला की चर्चच्या घंटेवर द्यायचे ते नऊ टोले. हे सगळं गाळलंत तर शेवट अंगावर येणारच नाही.