हेट लोची बाग: पावणेदोनशे वर्षांचं उद्यान उखडून त्याआधीचं पुन्हा बांधलं, हे बरोबर झालं का?

शेवंती
नेदरलँड्सला येणारी आपली मंडळी क्यूकेनहॉफचे ट्युलिप बघतात आणि परत जातात, आपेलडोर्नच्या हेट लो राजवाड्याकडे फारसं कुणी वळत नाही. परवा एका ग्रुपवर कुणीतरी तिथले फोटो टाकून खाली लिहिलं, "तीनशे वर्षं जशीच्या तशी जपलेली बाग". तिथे माझी सटकली, म्हणून हा धागा.

जपलेली नाहीये हो. १६८४ मध्ये विल्यम तिसरा याने शिकारीसाठी लोची जुनी गढी विकत घेतली (ती अजून त्याच आवारात उभी आहे) आणि शेजारी नवा वाडा बांधायला काढला. तेव्हा तो डच स्टॅटहाउडर, म्हणजे राजा नाही पण राजासारखाच. १६८९ ला बायको मेरीसोबत इंग्लंडच्या गादीवर बसला, मग वाडाही वाढला आणि बागही. आखीव चौकोन, कारंजी, पुतळे, राजाची बाग वेगळी राणीची वेगळी, सगळा थाट. पुढे १८०६ मध्ये नेपोलियनने भावाला, लुईला, हॉलंडचा राजा करून बसवलं, आणि या साहेबांना ती बाग जुनाट वाटली. सगळं मोडून वर माती टाकून इंग्लिश पद्धतीचं वळणावळणाच्या वाटांचं उद्यान केलं. झाडं वाढली. राणी विल्हेल्मिना १९४८ ला पायउतार झाल्यावर इथेच राहिली, १९६२ ला इथेच गेली.

आणि मग १९७७ ते १९८४ मध्ये वाड्यामागचं ते सगळं उद्यान काढून टाकून १७व्या शतकातली बाग "परत आणली". वाड्यावर विल्हेल्मिनाच्या काळात चढवलेला मजलासुद्धा उतरवला. माझ्या मते ही चूक होती. एका राजाची आवड पुसून दुसऱ्याची आवड लावली, बस्स.

माळीबुवा
शेवंतीताई, अर्धीच गोष्ट सांगताय. १७व्या शतकातल्या डच बागा त्या देशात जवळजवळ उरल्याच नव्हत्या, लँडस्केपची, म्हणजे इंग्लिश पद्धतीच्या उद्यानाची, फॅशन आली आणि एकेक करत सगळ्या गेल्या. इथे मात्र नशीब असं की लुईने खणून नाही काढली, पुरली. उकरल्यावर पाये सापडले. शिवाय विल्यमचा डॉक्टर वॉल्टर हॅरिस याने १६९९ ला या बागेचं भाराभर वर्णन छापलेलं होतं, चित्रकार रोमेन दे होखेची चित्रं होती. एवढा पुरावा हाताशी असताना काहीच करायचं नाही?

आणि लँडस्केप पार्क संपलं असं जे तुम्ही भासवताय ते खरं नाही. वाड्याला लागून असलेला भिंतीआतला तुकडा तेवढा बदलला, मागे तळी, जंगल, मोठाली झाडं सगळं आहे. दोन्ही बघायला मिळतं की.

शेवंती
हॅरिस राजाच्या पगारावरचा डॉक्टर आणि दे होखे तर विल्यमचा प्रचार करणारी चित्रं काढण्यासाठीच प्रसिद्ध! ते बाग होती त्यापेक्षा भव्यच दाखवणार ना. आपल्या दरबारी कवींवर आपण असा डोळे मिटून विश्वास ठेवतो का?

निवांत पोपट
भांडा भांडा पण कारंजं विसरू नका, मला त्या बागेत सगळ्यात भारी तेच वाटतं. मागच्या बागेत राजाचं कारंजं आहे ते साधारण १३ मीटर उडतं आणि मूळ बागेत हे सगळं पंपाशिवाय चालायचं, वेलुवे या आसपासच्या प्रदेशाच्या उंच भागातलं पाणी नळांनी खाली आणलेलं, उतारावरच दाब मिळायचा. तिकडे व्हर्सायला फ्रान्सच्या चौदाव्या लुईने सीन नदीचं पाणी वर चढवायला मार्लीचं अवाढव्य यंत्र लावलं तरी सगळी कारंजी एकदम चालवायला पाणी पुरत नव्हतं, राजा जवळ आला की माळी शिट्ट्या मारून एकमेकांना सांगायचे, हे चालू कर ते बंद कर 😀 आणि याच लुईने १६७२ ला हॉलंडवर चाल केलेली, विल्यम जन्मभर त्याच्याशी लढला. म्हणजे हे कारंजं नुसती शोभा नाहीये, सरळ टोमणा आहे. असा टोमणा मातीखाली ठेवायचा?

शेवंती
गंमत म्हणजे वैऱ्याला टोमणा मारायची बाग, पण आराखडे मागवले पॅरिसहून. आराखडा काढणारा देगोत्झ तिकडचाच, आणि सजावट करणारा दानियल मारो पण फ्रेंच.

माळीबुवा
मारो ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट होता, चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं जगणं मुश्कील केलं म्हणून पळून आलेला. ते उदाहरण तुमच्या बाजूचं नाही 😉

आडवाटेचा
राजे बाजूला ठेवा, नियमाचं बोलू. जुन्या वास्तू जपण्याबाबतची १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद स्पष्ट सांगते की वास्तूवर सगळ्या काळांनी घातलेली भर मानायची, एकच शैली साधणं हा जीर्णोद्धाराचा हेतू नाही. १९८१ ची फ्लॉरेन्स सनद तर खास ऐतिहासिक बागांसाठीच आहे, तीही म्हणते एका काळाला दुसऱ्यावर चढवू नका. हेट लोमध्ये नेमकं तेच केलं.

माळीबुवा
फ्लॉरेन्स येईपर्यंत इथे काम अर्ध्यावर आलं होतं. आणि व्हेनिसचं ते कलम पुढे वाचा की! काढायचं ते फारसं मोलाचं नसेल आणि खालून निघणारं फार मोलाचं असेल तर मुभा आहे.

आडवाटेचा
वाचलंय. पण "फारसं मोलाचं नाही" हे ठरवणार कोण? पावणेदोनशे वर्षांचा बीच वृक्ष एका बैठकीत बिनमोलाचा होतो आणि त्याच्या जागी कालचं रोप ऐतिहासिक होतं, ही कमाल आहे.

चहाबाज
रोपांवरून आठवलं, ती सगळी नक्षी बॉक्सवुडच्या बुटक्या कुंपणाची होती ना, त्याला बुरशी लागली आणि सगळं काढून जपानी होली हे तसंच दिसणारं दुसरं झुडूप लावावं लागलं. लांबून फरक कळत नाही. पण मग अस्सल म्हणजे काय राहिलं, विल्यमच्या काळात ही जपानी होली होती थोडीच. बाकी पहिल्यांदा जाणाऱ्यांनी फुलांचे ताटवे शोधू नका, त्या काळी कंद महाग म्हणून एकेक झाड सुटं लावून मिरवायचे, मध्ये माती दिसते. आमच्या सासूबाई म्हणाल्या एवढं तिकीट काढून माती बघायला आणलंस का.

माळीबुवा
सासूबाईंना साष्टांग 🙏 पण होलीचं म्हणाल तर बागेत झाड मरणारच आणि बदलणारच, दगडी देवळासारखं तिचं नसतं. आराखडा टिकला तर बाग टिकली असं मी मानतो. आणि शेवंतीताई, तुमच्याच नियमाने बघा, १९८४ ची बागही आता चाळीस वर्षांची झाली, तोही एक थरच. की तोही उपटायचा आणि नेपोलियनच्या भावाचं उद्यान परत लावायचं?

शेवंती
उपटायचा नाही, मुळीच नाही. राहू दे आणि छान राखा. फक्त तिला विल्यमची बाग म्हणू नका. १९८४ ची आहे, विल्यमवरून काढलेली. त्या फोटोखाली मी एवढंच लिहिलं होतं तर तिथल्या ॲडमिनने कमेंट उडवली.