रील्स बघून माझ्या अपेक्षा वाढल्यात की त्याचंच चुकतंय?

सिडकोवाली
मी 25, नाशिकला सिडकोत राहते, डिसेंबरमध्ये साखरपुडा झाला, मुलगा दिंडोरीकडचा, घरची द्राक्षबाग. स्वभावाने चांगलाय. पण 14 फेब्रुवारीला दिवसभर फोन नाही, रात्री दहाला केला तर म्हणे आज माल तोडायला होता, व्यापाऱ्याची गाडी आलेली. मी तोवर दोन तास रील्स बघत बसलेले, कुणाला गुडघ्यावर बसून अंगठी, कुणाच्या खोलीत फुगे नि गुलाब, आणि खाली मुली लिहितात की मनात असेल तर माणूस वेळ काढतोच. मी त्याला खूप बोलले, तो नुसता गप्प. तेव्हापासून झोप नाही नीट.

मखमलाबादची सून
अगं, आमचीपण बाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून चार-साडेचार महिने जीव ओतायचा आणि ऐन तोडणीत पाऊस आला तर मणी तडकतात, सगळं वर्ष गेलं. पहिल्या वर्षी मीपण रुसलेले. मग एकदा डबा घेऊन गेले, कॅरेट मोजायला बसले, तेव्हा कळलं हे दुपारचं जेवण चारला का जेवतात.

गंगापूर रोड शूटवाला
मी प्री-वेडिंग शूट करतो. धरणाच्या बॅकवॉटरला पहाटे जातो, गुडघ्यावर बसायचा सीन सात-आठ वेळा घेतो, मुलीला सरप्राइज आधीच माहीत असतं. मोठ्या अकाउंटवाल्यांना तर डेकोरेशन बऱ्याचदा फुकट मिळतं, ती जाहिरातच असते. 2021 पासून ॲस्की म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा नियम आहे की तसं लेबल लावायचं, पण बघणारे कुठे वाचतात ते. आणि तू असे दोन तास बघितलेस की ॲप तेच आणखी आणून टाकतं.

पंचवटीकर
सगळं रील्सवर ढकलू नका हो. माझ्या आईला नवऱ्याकडे काही मागायची सोयच नव्हती, आजच्या मुली बोलतात ते चांगलंच आहे. फुगे नकोत, पण "आज तोडणी, रात्री बोलतो" एवढा मेसेज सकाळी टाकायला किती वेळ लागतो? तेवढं मागणं रास्त आहे, आणि ते तू त्याला भांडण न करता सांग.

सिडकोवाली
काल सांगितलं. म्हणाला, मेसेज करायला हवा होता, डोक्यातच आलं नाही. मीपण फुग्यांवरून बोलले त्याची माफी मागितली. अजून चार दिवस तोडणी आहे, रविवारी डबा घेऊन जावं म्हणते. मखमलाबादच्या ताई, लग्नाआधी असं बागेत गेलेलं चालतं का तुमच्याकडे, की आधी सासूबाईंना फोन करू?